केदारखेड्याला गेलेला पाय

पुण्यात कुणाला सांगितलं की मी जालना जिल्हा पाहून आले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिथं पाहण्यासारखं काय आहे?" विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. मागच्या मार्गशीर्षापर्यंत मीही हेच विचारलं असतं. आता मात्र मी चहा टाकते आणि समोरच्याला बसवून घेते. कारण उत्तर लांबलचक आहे आणि त्यात एक पाय आहे.

त्या पायाचं आधी सांगते. वैष्णवी ही शहागडची मुलगी. नोकरीसाठी पुण्यात आली आणि माझ्या घरातल्या रिकाम्या खोलीत राहू लागली. मी एकटी, छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करून निवृत्त झालेली. खोली मागायला आलेली मुलगी घरातली कधी झाली ते मला कळलंच नाही. तिच्या वडिलांची, भगवानरावांची, गोदावरीकाठी शेती आहे. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून घ्यायला ते पुण्याला आले तेव्हा आमच्याकडेच उतरले होते. पाय तयार झाला, पण उरलेली पोटरी ज्या वाटीत बसवतात ती वाटी एका बाजूनं टोचू लागली, जखम झाली. "दुरुस्त करून ठेवतो, नंतर न्या," असं तिथल्या कारागिरांनी सांगितलं आणि भगवानराव कुबड्यांवर गावी परतले.

तेवढ्यात वैष्णवीचं लग्न ठरलं. लग्न शहागडलाच, घरापुढे मांडव घालून. ती आधी गावी गेली. निघताना दारात थांबून म्हणाली, "काकू, बाबा बोलून दाखवत नाहीत. पण मला सासरी पाठवताना त्यांना दोन पायांवर उभं राहायचंय. तुम्ही येताना पाय आणाल ना?"

मी लग्नाला जाणारच होते. पाय आणायचा म्हणजे एक बॅग जास्त, एवढंच मला तेव्हा वाटलं.

जालना

माझ्या गुडघ्यांना बसचा लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून जालन्यापर्यंत रेल्वे आणि पुढं टॅक्सी असा बेत केला. "जालन्याला गाडी पाठवतो," असा भगवानरावांचा फोन आला होता, पण लग्नघरातली गाडी आणि माणूस माझ्यासाठी कशाला अडकवायचा? शिवाय माझ्याकडे ॲप होतं.

त्या ॲपबद्दल मला थोडा अभिमान होता, हे कबूल करते. पूर्वी मी कुठं जायचं झालं की तीन टॅक्सी कंपन्यांची तीन ॲपं आळीपाळीनं उघडून भाडं बघत बसायची. एकीकडचा आकडा लक्षात ठेवून दुसरीकडे जावं, तोवर पहिला बदललेला असे. माझी ही धडपड बघून वैष्णवीनं फोनमध्ये एक चौथं ॲप घालून दिलं. कुठून कुठं जायचं ते एकदा टाकलं की तिन्ही कंपन्यांची भाडी एकाखाली एक दिसतात. हवी त्यावर बोट ठेवायचं, गाडी येते. दोन मजकूर शेजारी ठेवून फरक शोधणं हे मी आयुष्यभर केलेलं काम. हे खेळणं मला लगेच जमलं. पुण्यात शेजारणी बाजारात निघाल्या तरी माझ्याकडून भाडं बघून घेत.

गाडी सकाळी जालन्याला पोचली. स्टेशनाबाहेर हवेत बोचरी थंडी होती. बियाणे कंपन्यांच्या पाट्या उन्हात चमकत होत्या आणि लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रक रस्ता अडवून उभा होता. टपरीवरचा चहा आपल्याकडच्यापेक्षा गोड आणि कप आपल्याकडच्यापेक्षा लहान. चहावाल्यानं न विचारता दुसऱ्यांदा भरून दिला. मी एका बाकावर बसले. एक चाकांची सूटकेस, एक लांबुळकी निळी बॅग. निळ्या बॅगेत पाय.

ॲपमध्ये शहागड टाकलं. तिन्ही भाडी आली आणि तिन्हींत चांगलाच फरक होता. सगळ्यात कमी होतं त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर वर्तुळ फिरत राहिलं, मग पडदा पांढरा पडला. बहुधा लागलं नाही असं समजून मी मागं आले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. लगेच संदेश आला, गाडी निघाली म्हणून. मी निवांत झाले.

थोड्याच वेळात एक पांढरी गाडी आली. तिशीतला, चेकचा शर्ट घातलेला चालक उतरला. "शहागड ना मावशी? मी अंकुश," असं म्हणत त्यानं जवळची निळी बॅग उचलली आणि मागं डिक्कीत ठेवली. तो सूटकेसकडे वळणार एवढ्यात माझा फोन वाजला.

"ताई, मी स्टेशनच्या सामने उभा हाव. तुम्ही कुठं हाव?"

मी मान वर करून पाहिलं. अंकुशच्या गाडीमागं दुसरी पांढरी गाडी उभी होती आणि फोन कानाला लावलेले एक पोक्त गृहस्थ माझ्याकडेच बघत होते. पांढरी दाढी, अंगात स्वेटर. मी दोन्हीकडून गाडी बोलावली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात असं झालं असतं तर दोन्ही चालकांनी मला भर रस्त्यात चार शब्द सुनावले असते आणि ते वावगंही झालं नसतं. इथं ते दोघे एकमेकांना बघून हसायला लागले.

"रहीमभाई, तुम्ही बी आल्ते का?"

"आल्तो ना. मला वाटलं, शहागडचं भाडं हाये, जल्दी जाऊ."

मी दोघांची माफी मागितली. रद्द केल्याचा दंड मी भरीन म्हटलं. अंकुशनं हात झटकला. "ऱ्हाऊ द्या हो मावशी. तुम्ही भाईंच्या गाडीत जा. ते बघा, ती माणसं राजूरच्या गणपतीला जायला गाडी बघून राह्यली. माझं गाव त्याच वाटेवर हाये, केदारखेडा. त्यान्ला राजूरला सोडतो आन् घरी जेवायला जातो. मला तर बरंच झालं की."

टपरीपाशी खरंच एक कुटुंब रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभं होतं. अंकुश त्यांच्याकडे गेला. रहीमभाईंनी माझी सूटकेस उचलून त्यांच्या गाडीत ठेवली, दार उघडून धरलं. मी दोघांना हात जोडले आणि बसले. सामान सगळं ठेवलं गेलंय या समाधानात.

वडीगोद्री

जालना मागं पडलं की जमीन मोकळी होते. काळ्या रानात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. अंबडच्या आसपास मोसंबीच्या बागा लागल्या, गर्द हिरव्या आणि बुटक्या, फळांनी वाकलेल्या. मत्स्योदरी देवीचा डोंगर दिसला तेव्हा रहीमभाईंनी गाडी हळू केली. "ताई, दर्शन घ्या इथूनच. सगळे घेतात," म्हणाले. मी घेतलं.

मी त्यांना माझं भाड्यांचं ॲप दाखवलं. तिन्ही कंपन्यांत एवढा फरक का, असं विचारलं. त्यांनी आपला फोन पुढं केला. त्यावर तिन्ही कंपन्यांच्या खुणा ओळीनं होत्या.

"तिन्हीत मीच हाव, ताई," ते म्हणाले. "अंकुश बी तिन्हीत हाये. जालन्यात आम्ही हावच किती! तुम्ही कमीवर बोट ठेवा न्हाई तर जास्तीवर, गाडी हीच येणार."

म्हणजे मी बाकावर बसून चष्मा पुसून पुसून रहीमभाईंची तुलना रहीमभाईंशीच केली होती. आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

वडीगोद्रीला महामार्ग लागतो. रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग, टायरची, खताची, फळांची, आणि मधेच नाश्त्याची. रहीमभाई म्हणाले, "इथं सुशीला खाऊन बघा. पुण्याला भेटत न्हाई." सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना पोह्यासारखी फोडणी. हिरवी मिरची सढळ हातानं, वर शेंगदाणे, आणि सोबत चक्क जिलेबी. तिखटाचा घास घेतला की जिलेबीचा एक तुकडा मोडायचा. आपल्याकडे गोड शेवटी खातात. इथं ते मधे मधे येतं, आणि खरं सांगते, तेच बरोबर आहे.

खाऊन झाल्यावर पदराला लागलेलं तेल पुसायला जुना नॅपकिन काढावा म्हणून मी डिक्की उघडायला सांगितली. आत सूटकेस होती. फक्त सूटकेस.

मी वाकून कोपऱ्यांत हात फिरवून पाहिला. निळी बॅग अंकुशनं उचलली होती. ती त्याच्या गाडीत होती आणि ती गाडी राजूरच्या दिशेला, आमच्या बरोबर उलट गेली होती.

"काय होतं ताई बॅगेत? दागिने?" रहीमभाईंनी विचारलं.

"पाय," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. हॉटेलवाला, दोन गिऱ्हाइकं आणि रहीमभाई, सगळे माझ्या दोन्ही पायांकडे बघू लागले. मग मी सगळं सांगितलं. नवरीचा बाप, उद्याचं लग्न, सगळं.

ॲपवरून मी अंकुशची फेरी रद्द केली होती, त्यामुळं त्याचा नंबरही तिथून गेला होता. रहीमभाईंकडे तो होता. त्यांनी लावला. वाजला, पण उचलला नाही. पुन्हा लावला. तेच. मग त्यांनी चालकांच्या गटावर बोलून निरोप टाकला : "भाई लोग, अंकुश केदारखेडावाला दिसला तर त्याला सांगा, त्याच्या डिक्कीत एका माणसाचा पाय हाये. घाबरू नका, नकली हाये. लग्नाचं काम हाये." मला म्हणाले, "आता मागं फिरून फायदा न्हाई. तो कुठं हाये मालूम न्हाई. शहागड आलंच. आधी लग्नघरी जाऊ. सामान कुठं जात न्हाई, तो पोरगा चांगला हाये."

शहागड

शहागड मला आधी ट्रकांमुळे कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे ट्रक, त्यांच्या मधून धावणारी माणसं, रसवंत्या, ढाबे. मग एकदम मोकळं आभाळ आणि खाली गोदावरी. नाशिकला मी तिला दगडी घाटांमध्ये दाटीवाटीनं पाहिलेली. इथं ती ऐसपैस पसरलेली, कडेला उसाचे मळे, पाण्यावर ऊन.

मांडव महामार्गापासून आत, एका गल्लीच्या टोकाला होता. दाराशी खुर्चीवर भगवानराव बसले होते. नवं धोतर, टोपी, कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली, रहीमभाईंच्या हातातल्या सूटकेसकडे गेली आणि परत माझ्याकडे आली. मी तिथंच उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

ऐकून त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "काकू, तुम्ही आल्या ना. बसा आधी. पाणी घ्या." त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, मला पाणी दिलं. वैष्णवी आतून आली, मला मिठी मारली, ऐकलं, आणि "जाऊ द्या काकू, सापडेल" म्हणाली. पण आत जाताना तिनं डोळे पुसलेले मी पाहिले. कुणी एका शब्दानं मला बोललं नाही. ते बोलले असते तर बरं, असं वाटत राहिलं.

जेवणाची पानं मांडायला घेतली आणि रहीमभाईंचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"रहीमभाई, माझ्या डिक्कीत पाय हाये!" अंकुश जवळजवळ ओरडत होता. "राजूरला मी फोन गाडीतच ठेवून त्या माणसांसंगं दर्शनाला गेल्तो. मंग घरी आलो. मायनं बॅग उघडली. तिला वाटलं मी काही घेऊन आलो. ती अशी वरडली, अशी वरडली, सगळी गल्ली गोळा झाली!"

सगळा मांडव हसला. भगवानरावही हसले.

"जसाच्या तसा घेऊन ये रे बाबा," रहीमभाई म्हणाले.

"कसा येऊ? पूर्णेच्या पुलावर क्लच गेला. गाडी ढकलत घरी आणली. मिस्त्री भोकरदनहून यायचाय. मोटरसायकलवर घेऊन येऊ का?"

"मोटरसायकलवर नको," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी कुबड्या ओढून घेतल्या. "मीच येतो."

सुमनताई स्वयंपाकातून बाहेर आल्या. "आज सांजच्याला हळद हाये, आन् पोरीचा बाप गावोगाव हिंडणार का?"

"हळदीच्या आत येतो."

"काकू जातील की. तुम्ही कशाला?"

"माझा पाय हाये, मी जातो," ते म्हणाले. वैष्णवीनंच त्यांची टोपी सरळ केली आणि म्हणाली, "जाऊ दे त्यांना, आई."

मी रहीमभाईंकडे बघितलं. हे काही त्यांच्या भाड्यात नव्हतं. सवयीनं मी ॲप उघडून शहागड ते केदारखेडा टाकलं. तिन्ही ओळींत एकच मजकूर आला : या भागात गाडी उपलब्ध नाही. रहीमभाईंनी माझ्या खांद्यावरून तो वाचला, खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "चला, बसा."

केदारखेडा

भगवानराव पुढच्या सीटवर बसले, मी मागं. डिझेल वाटेत भगवानरावांनी भरलं. बाकी काय द्यायचं-घ्यायचं ते दोघांनी माझ्या कानावर न पडू देता मिटवलं.

अंबड ओलांडेपर्यंत भगवानरावांचं लक्ष बाहेर होतं. खिडकीतून बागा बघत होते, एखाद्या शेताचं नाव घेत होते. मग म्हणाले, "पाय गेल्यापासून मी पुण्याशिवाय कुठं गेलो न्हाई. बाजाराला न्हाई, पाहुण्याकडं न्हाई. लोक वाईट न्हाईत. पण आधी पायाकडं बघतेत, मंग तोंडाकडं."

रहीमभाईंनी आरसा सारखा केला. "आज कशापायी निघाले मंग, दादा?"

भगवानरावांनी खिडकीची काच वर केली.

"पुण्याला पहिल्यांदा घातला तवा लई टोचला. रक्त आल्तं. पोरगी समोर उभी होती. माझ्या तोंडाकडं बघून ती किती रडली, काकूंना माहीत हाये. आता दुरुस्त केलाय म्हणतेत. पण घरी घातला आन् पुन्हा टोचला, तर तिला माझ्या तोंडावरून कळंल. मंग तसंच मनात घेऊन ती सासरी जाईल. म्हणून म्हणलं, तिकडंच घालून बघू. परक्या दारात. टोचला तर तिथंच काढून ठेवीन. आन् घरी सांगीन, बॅगेत दबून मोडला."

पाय विसरल्याचं मला वाईट वाटत होतं, ते वाटणं किती लहान होतं! हा माणूस मुलीला न दुखवता स्वतःची परीक्षा द्यायला जिल्हा ओलांडून चालला होता.

जालना पुन्हा आलं, गेलं. राजूरच्या गणपतीचा कळस लांबून दिसला. रस्ता उतरत पूर्णेच्या पुलावर आला. नदीत पाणी थोडं, वाळूत बायका धुणं वाळत घालत होत्या. पुलापलीकडे अंकुश रस्त्यावर येऊन उभा होता, हात हलवत.

त्याच्या घरापुढं ओटा होता, शेणानं सारवलेला. गल्लीतली माणसं जमली होती, कारण दुपारी त्याच्या आईनं ओरडून सगळ्यांना पायाची वर्दी दिलीच होती. ती सत्तरीची, बारीक अंगाची बाई. भगवानरावांना बघून पुढं आली आणि म्हणाली, "दादा, म्या तुमच्या पायाला भ्याले. माफी करा." मग तांब्याभर पाणी आणून त्यांच्या उजव्या पायावर घातलं, पाहुण्याचे पाय धुतात तसं.

आपल्याकडे पाहुणा आला की "चहा घेणार का?" असं विचारतात. इथं विचारलं नाही. हातावर पाणी आणि पुढ्यात ताटं. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी, वांगं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. भगवानराव जेवले नाहीत. "आधी ते बघतो, मंग जेवतो."

ओट्यावर बसून त्यांनी बॅग उघडली. मऊ मोजा चढवला. पोटरी वाटीत सरकवली, पट्टा ओढला. पायाला बूट आधीच घातलेला होता, तपकिरी. अंकुश एका बाजूला, रहीमभाई दुसऱ्या बाजूला. ते उभे राहिले.

पहिलं पाऊल टाकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी डोळे मिटले.

"टोचतंय का?" अंकुशच्या आईनं विचारलं.

"टोचत न्हाई. सैल हाये. आतल्या आत हलतोय."

"मंग त्यात रडायचं काय?" ती आत गेली आणि जुन्या धोतराचा एक मऊ तुकडा घेऊन आली. पट्ट्या फाडल्या. "सुती हाये. गुंडाळा."

भगवानरावांनी मोज्यावरून पट्टी गुंडाळली, पाय पुन्हा घातला. उभे राहिले. एक पाऊल. दुसरं. अंकुशचा हात सोडला. ओट्याच्या कडेपर्यंत गेले, परत आले. मग पायरी उतरून गल्लीत गेले. एका टोकाला पिठाची गिरणी होती, तिथवर चालत गेले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. आणि मी नीट पाहिलं, कुणी पायाकडे बघत नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथून ते हसत परत आले. घाम आला होता, थोडे लंगडत होते, पण कुबड्या ओट्यावरच पडून होत्या.

अंकुशच्या आईनं हळदी-कुंकवाचा करंडा आणला, वाकली आणि त्या तपकिरी बुटाच्या टोकाला कुंकू लावलं. भगवानरावांनी तिला थांबवलं नाही.

"आता वाढा, माय," ते म्हणाले. "दोन भाकरी वाढा."

निघताना त्यांनी सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. "गाडी दुरुस्त झाली न झाली, उद्या आलेच पाहिजेत. रहीमभाई, तुम्ही घरच्यान्ला घेऊन या. न आलात तर मी पाय काढून बसंन."

पुन्हा शहागड

दिवेलागणीला आम्ही परतलो. रहीमभाईंनी गाडी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी थांबवली. भगवानराव उतरले आणि मांडवापर्यंत चालत गेले. हळदीची गाणी चालू होती, ती एकेका बाईपासून बंद होत गेली. वैष्णवी पाटावर बसली होती, गालांना हळद. तिनं बापाकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, बराच वेळ. ते हसत होते. ते हसणं खरं होतं आणि तिला ते कळलं. सुमनताई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं काय सांगू? मराठवाड्यात पंगतीला आग्रह म्हणजे काय असतं ते मी तिथं शिकले. पुण्यात "नको" म्हटलं की वाढपी पुढं जातो. इथं "नको" म्हणजे "थोडं अजून" असा अर्थ घेतात. रहीमभाई बायकोला घेऊन आले होते. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या ताटातला बुंदीचा दुसरा लाडू मला संपवायला लावला. अंकुशची गाडी दुरुस्त झाली होती. त्याची आई नव्या लुगड्यात आली आणि येणाऱ्या प्रत्येकीला तिनं आपल्या ओरडण्याची गोष्ट सांगितली. गोष्ट दर वेळी वाढत गेली. संध्याकाळपर्यंत पायानं बॅगेत हालचालही केली होती.

मी आभार मानायला सगळ्यांकडे फिरले. कुणी नीट मानू दिले नाहीत. रहीमभाई म्हणाले, "ताई, मी पण शहागड कधी असं बघितलं न्हवतं. दर वेळी पूल ओलांडून पुढं जातो." अंकुश लाजला आणि पंगतीत वाढायला पळाला. म्हणून हे लिहून ठेवते आहे. निदान कागदावर तरी आभार घ्यावेच लागतील.

भगवानराव दुपारपासून उभे होते. वऱ्हाड आलं तेव्हा उभे, अक्षता पडल्या तेव्हा उभे. सुमनताई खुर्ची घेऊन त्यांच्या मागं मागं फिरत होत्या, पण ते बसायला तयार नव्हते. ऊन कलल्यावर सासरची गाडी फुलं लावून दाराशी आली. वैष्णवी सगळ्यांच्या पाया पडत पडत शेवटी बापापाशी आली. मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

ती वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "डाव्याला काही कळत न्हाई गं. उजव्याला कर."

वैष्णवीनं उजव्या पायावर एकदा डोकं टेकवलं. आणि मग डाव्यावर, कुंकू लागलेल्या त्या तपकिरी बुटावर, पुष्कळ वेळ टेकवून ठेवलं.